तीन वर्षांचे सरपण

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडमध्ये घर तापवण्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिल सरेपर्यंत चालतो. व्हरमाँट, न्यू हॅम्पशर आणि मेन या उत्तरेकडच्या राज्यांत जानेवारीतल्या कित्येक रात्री पारा उणे 20 अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. तिथल्या खेड्यापाड्यांत लाकडाच्या बंद स्टोव्हवर घर ऊबदार ठेवणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. 1973 च्या तेलटंचाईनंतर हे स्टोव्ह पुन्हा घराघरांत आले. व्हरमाँटच्या रँडॉल्फ गावात बिडाचे स्टोव्ह बनवणारी व्हरमाँट कास्टिंग्ज ही कंपनी 1975 साली निघाली, ती त्याच काळात. पुढे नोकरीधंद्यानिमित्त बॉस्टनच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी शहराबाहेर घरे घेतली, तेव्हा काहींना घराबरोबर दिवाणखान्यात असा स्टोव्हही मिळाला.

यांतल्या काहींच्या आजोळी कोकणात आगोटीपूर्वी लाकूडफाटा भरून ठेवण्याचा रिवाज होता. तरीही हे काम त्यांना नव्याने शिकावे लागले. स्वयंपाकाची चूल दिवसातून दोन-तीन वेळा पेटते, तिच्यासमोर माणूस बसलेला असतो आणि लाकूड थोडे ओलसर असले तरी फुंकणीने ते चालवून घेता येते. घर तापवणारा स्टोव्ह सहा महिने जवळजवळ अखंड पेटता राहतो, त्याचे दार बंद असते आणि त्याचा धूर वीस-पंचवीस फूट उंच, थंड धुराड्यातून वर जातो. तिथे ओले लाकूड चालवून घेता येत नाही. अनेक हिवाळे लाकडावर काढलेल्या माणसांना पहिली सूचना विचारली, तर स्टोव्ह कोणता घ्यावा किंवा कुऱ्हाड कशी धरावी हे ती सांगत नाहीत. लाकूड केव्हा घ्यावे हे सांगतात. लाकूड पैसे मोजून आठवड्याभरात अंगणात येऊन पडते. ते वाळायला लागणारा काळ मात्र कुणी विकत देऊ शकत नाही.

ताज्या तोडलेल्या रेड ओकच्या वजनात सुमारे 40 टक्के पाणी असते. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशी त्याची एक रास, म्हणजे एक कॉर्ड, हिरवी असताना सुमारे 2200 किलो भरते. नीट वाळली की 1600 किलोंच्या आसपास येते. म्हणजे एका राशीतून सहाशे लिटरच्या घरात पाणी निघून जावे लागते. ऊन-वाऱ्याने ते नेले नाही, तर स्टोव्हला ते उकळून बाहेर टाकावे लागते. त्यात उष्णता जाते हे खरे, पण मोठे नुकसान वेगळे आहे. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता तापल्यावर सुटणाऱ्या वायूंमध्ये असते आणि ते वायू स्टोव्हच्या पोटात नीट जळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागते. ओल्या लाकडाचा विस्तव तिथवर पोचत नाही. मग ते वायू न जळताच धूर होऊन वर जातात आणि धुराड्याच्या थंड भिंतीवर काजळी व डांबरासारखा चिकट थर होऊन बसतात. या थराला क्रिओसोट म्हणतात आणि धुराड्याला आग लागते ती त्यालाच.

नव्या स्टोव्हच्या बाबतीत हे अधिकच लागू होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लाकडाच्या स्टोव्हच्या धुरावर पहिली मर्यादा 1988 साली घातली. मे 2020 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हमधून ताशी 2 ग्रॅमपेक्षा जास्त कण बाहेर पडता कामा नयेत. खऱ्याखुऱ्या जळाऊ लाकडावर चाचणी घेतली असेल तर 2.5 ग्रॅम. जुने स्टोव्ह ताशी 15 ते 30 ग्रॅम कण सोडत. नवा स्टोव्ह हे साधतो ते धूर पुन्हा पेटवून, आणि त्यासाठी त्याला कोरडे लाकूडच लागते. जुन्या ढणढणत्या स्टोव्हमध्ये कसेबसे जळणारे ओले लाकूड नव्या स्टोव्हमध्ये नुसते धुमसत राहते.

न्यू हॅम्पशरमधल्या एका मराठी कुटुंबाने सप्टेंबरात घर घेतले आणि ऑक्टोबरात लाकूड मागवले. विकणाऱ्याने ते वाळलेले असल्याचे सांगितले होते. पहिल्याच थंडीत स्टोव्हमधून बारीक शिसकारी ऐकू येऊ लागली. पेटलेल्या लाकडाच्या कापलेल्या टोकावर फेस जमायचा, त्याचे थेंब निखाऱ्यावर पडून चरचरायचे आणि स्टोव्हच्या दाराची काच दुपारपर्यंत काळी व्हायची. चांगल्या आगीत स्टोव्हच्या माथ्यावरचा तापमापक 200 ते 300 अंशांच्या दरम्यान असतो. इथे तो 120 च्या वर सरकत नव्हता. काळजीपोटी घरच्यांनी स्टोव्हची हवेची झडप पूर्ण उघडी ठेवली, तर लाकूड तेवढे संपे आणि खोली गारच राही. जानेवारीत धुराडे साफ करणारा माणूस आला. त्याच्या ब्रशला भुरभुरीत काजळीऐवजी काळे, चकाकते, काचेसारखे कडक पापुद्रे लागले. त्याने धुराडे साफ होईपर्यंत स्टोव्ह पेटवू नका असे स्पष्ट सांगितले.

विकणाऱ्याच्या मते तो खोटे बोलला नव्हता. झाड आदल्या हिवाळ्यात तोडलेले होते. पण त्याची लांबच लांब खोडे वर्षभर तशीच एकावर एक पडून राहिली आणि पोहोचवण्याच्या आठवड्यात ती कापून फोडली गेली. सालीच्या आतले पाणी खोडाच्या दोन टोकांतून फार थोडे बाहेर पडते. लाकूड खरे वाळू लागते ते कापून, फोडून, हवेत रचल्यापासून. त्या कुटुंबाने उरलेला हिवाळा तेलाच्या भट्टीवर आणि भुशाच्या दाबून केलेल्या विटांवर काढला आणि ते लाकूड अंगणात उन्हाच्या बाजूला रचून ठेवले. दोन उन्हाळे उलटल्यावर तेच लाकूड, त्याच स्टोव्हमध्ये, पिवळ्याधमक ज्वाळेने जळले आणि काच स्वच्छ राहिली. त्यानंतर त्या घरात लाकूड विकत घेताना पहिला प्रश्न ठरून गेला : फोडले कधी?

बेगमीची सुरुवात गरजेच्या अंदाजापासून करावी. घर आधी तेलावर तापत असेल तर मागच्या वर्षांची बिले हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. समजा, एका घराला हिवाळ्यात 500 गॅलन तेल लागते. एका गॅलनमध्ये, म्हणजे सुमारे 3.8 लिटर तेलात, 1,38,500 बीटीयू उष्णता असते. भट्टीची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर घराला प्रत्यक्ष मिळणारी उष्णता सुमारे 5.9 कोटी बीटीयू होते. मिश्र कठीण लाकडाच्या एका कॉर्डमध्ये सुमारे 2.2 कोटी बीटीयू असतात आणि चांगला स्टोव्ह त्यातली 70 टक्के घराला देतो. म्हणजे दीड कोटीहून थोडी अधिक. या हिशेबाने त्या घराला जवळपास चार कॉर्ड लागतील. भिंतींच्या फटी आणि माळ्यावरचे इन्सुलेशन यांकडे आधी लक्ष दिले तर हा आकडा खाली येतो, आणि तो दरवर्षी खालीच राहतो. चार कॉर्ड लाकूड कापणे, फोडणे, रचणे आणि वाहून आणणे यात जाणारे श्रम पाहिले, तर पहिला खर्च इन्सुलेशनवर करणे हेच शहाणपणाचे ठरते.

कॉर्ड हे घट्ट रचलेल्या राशीचे माप आहे. चार गुणिले चार गुणिले आठ, म्हणजे 128 घनफूट. मधल्या पोकळ्या वगळल्या तर त्यात निखळ लाकूड साधारण 80 ते 90 घनफूट असते. नवख्यांची फसगत इथे सर्वाधिक होते. चार फूट उंच, आठ फूट लांब पण एकाच तुकड्याइतकी, म्हणजे 16 इंच रुंद असलेली रांग काही ठिकाणी फेस कॉर्ड या नावाने विकली जाते. ती पूर्ण कॉर्डचा फक्त तिसरा हिस्सा असते. ट्रकमधून ओतलेला ढीग रचलेल्या राशीपेक्षा जास्त जागा व्यापतो. मेन राज्याच्या कायद्याने 16 इंची तुकड्यांचा न रचता टाकलेला कॉर्ड 180 घनफुटांचा धरला आहे. मोठ्या पिकअपच्या आठ फुटी हौद्यात काठोकाठ रचून भरले तरी अर्धाच कॉर्ड मावतो, म्हणून पिकअपच्या एका खेपेला कॉर्ड म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नये. पैसे देण्यापूर्वी लाकूड रचून, फुटपट्टी लावून मोजावे. यात भीड बाळगण्याचे कारण नाही. प्रामाणिक विक्रेत्याला त्याचे वाईट वाटत नाही.

लाकडाची जात दोन कारणांनी महत्त्वाची असते : उष्णता आणि वाळण्याचा काळ. किलोमागे उष्णता जवळजवळ सगळ्याच लाकडांत सारखी असते. पण लाकूड घनफळावर विकले जाते, म्हणून जड लाकूड फायद्याचे. शुगर मेपल, बीच, रेड ओक, व्हाइट ॲश यांच्या एका कॉर्डमध्ये सुमारे 2.4 कोटी बीटीयू असतात, पांढऱ्या बर्चमध्ये 2 कोटी आणि व्हाइट पाइनमध्ये दीड कोटीच्या आसपास. ऐन किंवा किंजळ यांचा विस्तव टिकतो आणि पांगारा-सावर भसाभस जळून जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

वाळण्याचा काळ याहून अधिक ध्यानात ठेवावा. व्हाइट ॲशमध्ये मुळातच पाणी कमी असते. वसंतात फोडून रचलेला ॲश बहुधा त्याच हिवाळ्यात जाळता येतो. पाइन एका उन्हाळ्यात वाळतो. मेपल आणि बर्चला एक पूर्ण वर्ष द्यावे. रेड ओकला किमान दोन उन्हाळे लागतात, सावलीच्या जागी तीन. पांढऱ्या बर्चची कागदासारखी साल पाणी आत कोंडून ठेवते. न फोडता ठेवलेला बर्च वर्षभरात बाहेरून सुंदर आणि आतून कुजलेला निघतो. त्याचे मनगटाएवढे तुकडेही फोडावेत, निदान सालीला उभी चीर तरी द्यावी.

पाइन जाळल्याने धुराड्यात डांबर साचते हा समज न्यू इंग्लंडमध्ये घट्ट रुजलेला आहे. डांबर साचते ते ओल्या लाकडाने आणि गुदमरलेल्या आगीने. अमेरिकेच्या पश्चिम डोंगराळ राज्यांत घरोघर पाइन आणि फरच जाळतात, कारण तिथे कठीण लाकूड फारसे नाहीच. वाळलेला पाइन झटकन पेटतो, ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सौम्य थंडीत सकाळची खोली तापवायला तो उत्तम असतो आणि पहिल्या वर्षी हाताशी लवकर येणारे लाकूडही तेच. रात्रभर निखारे टिकवायचे असतील तेव्हा मात्र ओक किंवा मेपल लागतो.

लाकूड मिळवण्याचे मार्ग चार आहेत आणि नवख्याने ते एका क्रमाने चढावेत. पहिला, कापून फोडलेले लाकूड विकत घेणे. दुसरा, पूर्ण लांबीची खोडे ट्रकभर मागवून अंगणात कापणे. एका ट्रकमध्ये सहा ते आठ कॉर्ड येतात आणि कॉर्डमागे दर बराच कमी पडतो. तिसरा, झाडे छाटणाऱ्यांकडून किंवा वादळानंतर रस्त्याकडेला पडलेले लाकूड फुकट उचलणे. चौथा, स्वतःच्या रानातली झाडे पाडणे. फुकटच्या लाकडाचा मोह सर्वांनाच पडतो. एका घरी असे दोन ट्रक एल्म आले. एल्मचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की कुऱ्हाड रुतून बसते आणि ओंडका फुटण्याऐवजी चोथ्यासारखा पिंजतो. अखेर हायड्रॉलिक स्प्लिटर भाड्याने आणावा लागला आणि त्या खर्चात चांगला फोडलेला ॲश मिळाला असता. फुकट लाकूड घेण्यापूर्वी जात ओळखावी आणि तुकड्यात तारा, खिळे नाहीत ना ते पाहावे.

झाड पाडणे हे शिकवणुकीशिवाय करू नये. चेनसॉ चालवताना शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर संरक्षण आणि मांड्यांवर करवतीची साखळी अडवणारे जाड आवरण लागते; सोबत दुसरा माणूस हवा. ॲशच्या मेलेल्या झाडांबद्दल विशेष सावध राहावे. एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा चकचकीत भुंगा 2002 मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉईटजवळ सापडला. 2013 मध्ये तो न्यू हॅम्पशरमध्ये आणि 2018 मध्ये व्हरमाँटमध्ये आढळला. त्याने मारलेला ॲश लवकर ठिसूळ होतो आणि पाडताना फांद्या अवचित कोसळतात. असे उभे वाळलेले झाड सरळ स्टोव्हमध्ये घालण्याजोगे आहे असेही समजू नये. त्याचा शेंडा कोरडा असतो, बुंधा बहुतेकदा ओलाच निघतो.

हा भुंगा दूरदूर पोचला त्याला सरपणाची वाहतूकही कारणीभूत आहे, कारण अळ्या सालीखाली लपून लाकडाबरोबर प्रवास करतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात 2008 साली आशियाई लाँगहॉर्न भुंगा सापडला, तेव्हा तो पसरू नये म्हणून हजारो झाडे तोडावी लागली आणि रस्तेच्या रस्ते उघडेबोडके झाले. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात उष्णताप्रक्रिया न केलेले सरपण मूळ जागेपासून 50 मैलांपलीकडे नेण्यास कायद्याने बंदी आहे. जिथे कायदा नाही तिथेही लाकूड जवळपासचेच घ्यावे. ज्या रानाच्या जिवावर घर ऊबदार राहते, त्या रानाचे एवढे तरी देणे लागते.

तुकड्याची लांबी स्टोव्हच्या पोटापेक्षा तीन-चार इंच कमी ठेवावी. 16 इंच ही सर्वसाधारण लांबी आहे. जाडी तीन ते सहा इंच पुरते. फोडण्यासाठी धारदार, पातळ कुऱ्हाडीपेक्षा सहा-आठ पौंडांची, पाचरीसारख्या जाड पात्याची कुऱ्हाड बरी. मोठा ओंडका मधोमध फोडायला जाऊ नये. कडेकडेने चिरफळ्या काढत आत यावे. ओंडक्याच्या टोकाला आधीच पडलेली बारीक भेग शोधून घाव तिथे घालावा आणि गाठ खालच्या अंगाला ठेवावी. कडाक्याच्या थंडीत गोठलेला मेपल एकाच घावात टणकन दुभंगतो. उन्हाळ्यात त्याच झाडाचा ओंडका चार घाव मागतो. म्हणून जाणती माणसे पुढच्या वर्षांचे लाकूड फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडतात. त्यामुळे त्याला एप्रिलपासूनचा सगळा वारा मिळतो.

रचण्याचे तत्त्व एकच आहे : वारा आरपार गेला पाहिजे. जमिनीला टेकलेला थर कधीच वाळत नाही, म्हणून खाली पॅलेट किंवा दोन वासे घालावेत. एकेरी रांगा कराव्यात आणि दोन रांगांत वितभर तरी अंतर ठेवावे. टोकांना तुकडे आडवे-उभे रचून चौकोनी खांब उभारले की रांग ढासळत नाही. उंची चार फुटांवर नेऊ नये. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि वसंतात बसते, तेव्हा उंच रांगा कलंडतात आणि जवळ मुले खेळत असतात. झाकण फक्त माथ्यावर असावे. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेली रास आतल्या आत घाम धरते आणि तिच्यावर बुरशी येते. पावसाळी मुलखातून आलेल्या माणसाचा हात ताडपत्री पूर्ण ओढून घेण्याकडे वळतो, तो आवरावा. बाजूंनी लागलेला पाऊस एक-दोन उन्हांत उडून जातो. राशी घराच्या भिंतीला लावू नयेत, नाहीतर वाळवी आणि सुतारमुंग्या भिंतीत शिरतात. छपरावरचा बर्फ जिथे घसरून पडतो ती पागोळीखालची जागाही टाळावी.

वाळलेले लाकूड ओळखण्याच्या खुणा बऱ्याच सांगितल्या जातात. टोकांना तारेसारख्या भेगा पडतात, रंग करडा होतो, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार येतो. ओल्याचा आवाज बद्द असतो. रेड ओक ओला असेपर्यंत त्याला आंबूस वास येतो. या खुणा उपयोगी आहेत, पण पुरेशा नाहीत. एक मॉइश्चर मीटर घ्यावा. तो महाग नसतो. राशीच्या मधला तुकडा काढून घरात आणावा, तो खोलीइतका गरम होऊ द्यावा, मग फोडावा आणि नव्याने उघडलेल्या पृष्ठभागावर तंतूंच्या दिशेने दोन्ही सुया रोवाव्यात. आकडा 20 टक्क्यांच्या आत आला तर लाकूड तयार आहे. बाहेरच्या जुन्या पृष्ठभागावर किंवा थंडगार लाकडावर घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो.

पहिल्या तीन वर्षांची आखणी अशी असावी. पहिल्या वर्षी सगळे घर लाकडावर नेण्याचा आग्रह धरू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲश, पाइन किंवा सॉफ्ट मेपल घेऊन लगेच बारीक फोडावे आणि उन्हात रचावे. कमी पडेल तिथे भट्टीत वाळवलेले लाकूड किंवा भुशाच्या विटा घ्याव्यात आणि तेलाची भट्टी चालू ठेवावी. त्याच वसंतात पुढच्या हिवाळ्याचे मेपल-बर्च आणि शक्य झाल्यास तिसऱ्या वर्षाचा ओकही रचून टाकावा. पहिल्या वर्षीचा हा दुहेरी-तिहेरी खर्च जड वाटतो, पण तो एकदाच करावा लागतो. पुढे दरवर्षी एका हिवाळ्यापुरतेच लाकूड आणायचे असते, मात्र ते तिसऱ्या हिवाळ्यात जळणारे असते. प्रत्येक रांगेवर फोडल्याचा महिना आणि साल खडूने लिहून ठेवावे आणि जुने आधी, नवे नंतर हा क्रम मोडू नये.

हंगाम सुरू झाल्यावर साठ्यावर नजर लागते. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांचा जुना दंडक आहे की 2 फेब्रुवारीला निम्मे लाकूड आणि निम्मा चारा शिल्लक हवा. दिवस मोठे होऊ लागलेले असतात, पण अर्धी थंडी अजून पुढे असते. ज्या घरांनी हा दंडक पाळला त्यांची मार्चमध्ये धावपळ झाली नाही. आठवड्याचे लाकूड घराजवळच्या कोरड्या पडवीत आणून ठेवावे, म्हणजे हिमवादळात रास उकरत बसावे लागत नाही.

अडीअडचणीचा साठा वेगळा ठेवावा. डिसेंबर 2008 मध्ये न्यू हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फाळ पावसाने तारांवर, झाडांवर काचेसारखा थर चढला आणि लाखो घरांची वीज गेली. काही ठिकाणी ती यायला दोन आठवडे लागले. तेलाची भट्टी विजेशिवाय चालत नाही, कारण तिचा बर्नर आणि पंप विजेवरचे असतात. लाकडाचा स्टोव्ह असलेल्या एका मराठी घरी तेव्हा दोन शेजारी कुटुंबे मुलाबाळांसह राहायला आली. स्टोव्हच्या माथ्यावर कुकरमध्ये डाळ-तांदूळ शिजले, बर्फ वितळवून भांडी घासायला पाणी झाले. पण महिनाभराचे म्हणून काढून ठेवलेले लाकूड झपाट्याने संपत आले, कारण एरवी एकच खोली तापवणारा स्टोव्ह आता रात्रंदिवस पेटता होता. तेव्हापासून त्या घराने अंदाजापेक्षा अर्धा कॉर्ड जास्त ठेवण्याची सवय लावून घेतली. तो न जळता उरला तरी वाया जात नाही. पुढच्या वर्षी तो अधिकच कोरडा असतो.

चांगल्या लाकडालाही शिस्तीने जाळावे लागते. तळाशी जाड, वर बारीक आणि माथ्यावर काटक्या-ढलप्या असे रचून वरून पेटवले की धूर कमी होतो. नवे लाकूड घातल्यावर ते सर्व बाजूंनी पेट घेईपर्यंत हवा पुरेशी द्यावी, मग कमी करावी. झोपताना हवा एकदम कोंडून आग धुमसत ठेवू नये. धुराडे वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि आतला थर तीन मिलिमीटरचा झाला की साफ करावे. घरात धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी उपकरणे चालू असावीत. राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून, लाकडी ओट्यापासून दूर, उघड्या जमिनीवर ठेवावी. कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात भरलेल्या राखेने घरे जळाली आहेत.

लाकडावर घर तापवण्यात कष्ट आहेत, पैशाची बचत दरवेळी होतेच असे नाही आणि म्हातारपणी हे काम झेपेनासे होते, हे आधीच जाणून घ्यावे. तरीही ज्यांनी ते नेटाने केले ती माणसे त्याबद्दल समाधानाने बोलतात. वीज जावो, तेलाचे भाव चढोत, त्यांचे घर गार पडत नाही. आणि जळणारे प्रत्येक लाकूड कुठल्या झाडाचे, कधी फोडलेले, हे त्यांना ठाऊक असते. ज्याला हे करावेसे वाटते त्याने स्टोव्हच्या दुकानात जाण्याआधी अंगणातली उन्हा-वाऱ्याची जागा शोधावी आणि तिथे पहिले दोन कॉर्ड रचून ठेवावेत. स्टोव्ह एका दिवसात बसवून मिळतो. लाकूड आधी घ्यावे.